गम अजून स्ट्राँग का लावत नाहीत?

दात सरळ करायच्या तारेसाठी पोराच्या दातावर चिकटवलेला छोटा तुकडा, म्हणजे ब्रॅकेट, दुसऱ्यांदा सुटलं की आई-वडिलांचं एक वाक्य ठरलेलं असतं, "डॉक्टर, जरा चांगल्यातला स्ट्राँग गम लावा ना, पैसे जास्त गेले तरी चालतील." नौपाड्यात क्लिनिक चालवताना हे इतक्यांदा ऐकलंय की आता सगळं एकदाचं लिहूनच टाकते. माझं उत्तर ऐकून बऱ्याच जणांना आधी पटतच नाही. स्ट्राँग गम मिळतो की, हवा तेवढा मिळतो, पण आम्हालाच तो नको असतो. एका हद्दीपर्यंत पकड हवीच, त्याच्या पुढे गेली की तीच पकड दाताच्या जिवावर उठते.

मुळात ब्रॅकेट दातावर कायमचं राहायला येत नाही. दीड-दोन वर्षांचा मुक्काम. घोडबंदर रोडला लिव्ह अँड लायसन्सवर राहणाऱ्या भाडेकरूसारखं आहे ते, मुदत आहे तोवर त्याला कोणी हलवायचं नाही आणि मुदत संपली की भिंतीचं प्लास्टर न उखडता त्यानं निघायचं. दाढ किडली म्हणून आत जे सिमेंट भरतात त्याच्याकडून आपली अपेक्षा वेगळी असते, ते जितकं चिकटेल तितकं बरं. इथे मात्र ज्या डॉक्टरने चिकटवलं त्यालाच ते दोन वर्षांनी काढायचंय, तेही इनॅमलला, म्हणजे दाताच्या वरच्या टणक आवरणाला, धक्का न लागता, कारण इनॅमल परत येत नाही. हाड जुळतं, कातडी भरून येते, इनॅमलचा टवका उडाला तर उडालाच.

आता चिकटतं कसं ते बघू. इनॅमल वजनाने साधारण ९६ टक्के खनिज असतं, त्यावर थेट गम लावून काही उपयोग नाही, चार दिवसात निघून येईल. म्हणून पूर्वी प्रत्येक दाताभोवती स्टीलची रिंग बसवायचे, त्या काळातले जुने फोटो बघितलेत तर पूर्ण तोंड पत्र्याने मढवलेलं दिसतं. १९५५ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्युओनोकोर यांनी एक साधीच गोष्ट केली. कारखान्यात धातूवर रंग नीट बसावा म्हणून आधी फॉस्फोरिक ॲसिड फिरवतात हे त्यांना माहीत होतं, तेच त्यांनी दातावर करून बघितलं, ८५ टक्क्यांचं ॲसिड ३० सेकंद, आणि त्यावर लावलेलं ॲक्रिलिक कितीतरी जास्त टिकलं. पुढे साठच्या दशकात राफेल बोवेन यांचं बिस-जीएमए नावाचं रेझिन आलं, जॉर्ज न्यूमन यांनी १९६५ मध्ये इपॉक्सी वापरून ब्रॅकेट थेट दातावर चिकटवण्याबद्दल लिहिलं, आणि मग हळूहळू रिंगा गेल्या, आता फक्त मागच्या दाढांना कधीमधी घालतो.

आज आम्ही ३७ टक्क्यांची जेल वापरतो, बहुतेक निळी, १५ ते ३० सेकंद ठेवायची आणि भरपूर पाण्याने धुवायची. ("ॲसिड लावताय दाताला?" हा प्रश्न खुर्चीत बसलेल्याच्या आईकडून येतोच. हो, ॲसिडच, पण फक्त तेवढ्या जागेवर, आणि तोंडातली लाळच हळूहळू आजूबाजूच्या भागात खनिज परत भरत राहते.) धुवून हवा मारली की तेवढा भाग पांढराफटक होतो, चमक पूर्ण जाते. तो पांढरेपणा दिसला नाही तर पुढे जायचंच नाही, परत एचिंग, म्हणजे परत ॲसिड. वरचा जेमतेम १० मायक्रॉनचा थर विरघळलेला असतो आणि त्याच्या खाली बारीक बारीक छिद्रं पडलेली असतात, त्यात प्रायमर, म्हणजे पातळ रेझिन, झिरपतो आणि निळा लाइट मारला की आतच कडक होतो. म्हणजे पकड आहे ती मुख्यतः अडकण्याची, हजारो सूक्ष्म काड्या इनॅमलच्या आत रुतून बसल्यात. दुसऱ्या बाजूला ब्रॅकेटच्या पाठीला बारीक जाळी असते, तिच्यात जाड गम शिरून घट्ट होतो. थोडक्यात जोड दोन आहेत, दात-गम आणि गम-जाळी, आणि मध्ये गम स्वतः. सुटताना यातलं नेमकं काय सुटलं, याला फार महत्त्व आहे, त्यावर येतेच.

किती पकड पुरे? रेनॉल्ड्स यांनी १९७५ मध्ये एका आढाव्याच्या लेखात ५.९ ते ७.८ मेगापास्कल हा आकडा सुचवला आणि गेली पन्नास वर्षं ऑर्थोचा, म्हणजे दात सरळ करण्याच्या शाखेचा, प्रत्येक विद्यार्थी तो घोकतोय. मेगापास्कल म्हणजे एका चौरस मिलिमीटरवर किती न्यूटन जोर. ब्रॅकेटच्या पाठीचं क्षेत्रफळ ढोबळ १० चौरस मिलिमीटर धरा, तर ६ ते ८ मेगापास्कल म्हणजे ६० ते ८० न्यूटन, आपल्या भाषेत सहा ते आठ किलो. नखाएवढंसुद्धा नाही ते ब्रॅकेट, आणि ते पाडायला आठ किलोचा जोर. तारेने दात सरकवायला लागतो फक्त ५० ते १५० ग्रॅम, त्यामुळे "तार टाइट केली म्हणून सुटलं" हे सहसा खरं नसतं. दाढेखाली काहीतरी कडक फोडताना मात्र ताकद ५० किलोच्या वरसुद्धा जाऊ शकते, त्यातला थोडा हिस्सा जरी तिरका ब्रॅकेटवर आला तरी संपलं.

मग २० मेगापास्कलचा गम लावून टाका की, असं वाटेल. इथेच गोची आहे. इनॅमल दाबाला जबरदस्त आहे, पण ओढलं तर ठिसूळ. गमची पकड १३-१४ मेगापास्कलच्या वर गेली की काढताना गमऐवजी इनॅमलच तुटण्याची भीती वाढत जाते, आणि दाताला आधीच बारीक तडे असतील, मोठं फिलिंग असेल तर त्याच्याही आधी. हे पुस्तकी नाही. ऐंशीच्या दशकात सिरॅमिक ब्रॅकेट आले, दिसायला दाताच्या रंगाचे, लोकांना भयंकर आवडले. सुरुवातीच्या ब्रॅकेटना पाठीला सायलेन नावाचं रसायन लावून गमशी रासायनिक जोड केलेला असायचा, जोड इतका पक्का की ट्रीटमेंट संपल्यावर ब्रॅकेटबरोबर इनॅमलचे तुकडे निघाल्याच्या तक्रारी आल्या. धातूचं ब्रॅकेट पकडीने दाबलं की थोडं वाकतं आणि वाकता वाकता जाळीपाशी सुटतं, सिरॅमिक वाकतच नाही, सगळा जोर सरळ दाताकडे. कंपन्यांनी मग काय केलं, तर मुद्दाम पकड कमी केली, पाठीला रासायनिक जोडाऐवजी खाचा आणि दाणे दिले. म्हणजे पैसे खर्च करून, संशोधन करून पकड कमी केलीय, हे कोणाला सांगितलं तर हसतात.

आता या आकड्यांवर विश्वास किती ठेवायचा? नेरूळ, बेलापूर, खारघर, कामोठे या पट्ट्यात डेंटल कॉलेजांची कमी नाही, आणि ऑर्थोच्या एमडीएसला शिअर बाँड स्ट्रेंग्थवर, म्हणजे कडेने दाबून ब्रॅकेट पाडायला किती जोर लागतो यावर, थीसिस करणारं कोणी ना कोणी सापडतंच. मीही त्यातलीच. आधी दात गोळा करा, ब्रेसेससाठी जागा करायला ज्या छोट्या दाढा काढतात त्या, ओळखीच्या डेंटिस्टना बरण्या देऊन ठेवायच्या, बरणीत थायमॉलचं पाणी. लोकलमध्ये बॅगेत दातांनी भरलेली बरणी घेऊन ठाणे-नेरूळ करताना शेजारचीने आत काय आहे विचारलं तर काय सांगायचं हा खरा प्रश्न होता. मग प्रत्येक दात ॲक्रिलिकच्या ठोकळ्यात उभा करायचा, ग्रुपप्रमाणे ठोकळ्याचा रंग वेगळा, एचिंग, प्रायमर, ब्रॅकेट, लाइट, मग ३७ अंशाच्या पाण्यात एक दिवस. तोंडात गरम चहा न् वर थंड पाणी असं चालू असतं त्याची नक्कल म्हणून ५ अंश आणि ५५ अंश अशा दोन पाण्यांत आलटून पालटून बुडवायचं, साधारण पाचशे वेळा. शेवटी इंजिनिअरिंगवाल्यांचं युनिव्हर्सल टेस्टिंग मशीन, त्याचं पातं ब्रॅकेटच्या वरच्या कडेला टेकवतात आणि मिनिटाला अर्धा किंवा एक मिलिमीटर इतक्या गोगलगाय वेगाने खाली आणतात. स्क्रीनवर रेघ चढत जाते, चढत जाते, आणि टक्, ब्रॅकेट उडालं. चढलेला सगळ्यात वरचा आकडा भागिले क्षेत्रफळ, झाला तुमचा बाँड स्ट्रेंग्थ.

पण खऱ्या तोंडात ब्रॅकेटवर असा सरळ, सावकाश, एकदाच जोर कधी येतो? तिथे दिवसाला हजारो छोटे छोटे दणके, वाकडे तिकडे, पिळणारे, सतत ओलं. म्हणून लॅबचा आकडा तोंडात जसाच्या तसा लागू होत नाही. शिवाय लॅब बदलली की आकडा बदलतो. २०१० मध्ये अशा ढीगभर प्रयोगांचा एकत्र हिशोब करणारा एक अभ्यास आला होता, त्यात दात पाण्यात ठेवले होते की नाही, लाइट किती सेकंद मारला, पातं किती वेगाने आणलं, एवढ्यानेच निकाल हलतो असं दिसलं. त्यामुळे एका कंपनीच्या पत्रकावरचा १५ आणि दुसऱ्याच्या पत्रकावरचा ११ शेजारी ठेवून पहिला भारी म्हणणं चुकीचं आहे. एकाच लॅबमध्ये, एकाच हाताने, त्याच दिवसात केलेली तुलना असेल तर तिला अर्थ.

आणि सरासरीने तर फारच फसायला होतं. समजा एका गमची सरासरी १४ आहे पण आकडे ३ पासून २५ पर्यंत पसरलेत, दुसऱ्याची सरासरी १० आहे आणि सगळे ८ ते १२ मध्ये. कागदावर पहिला जिंकतो. तोंडात मात्र पहिल्याची ३ वाली ब्रॅकेटं महिन्याभरात सुटणार आणि २५ वाली काढताना माझे हात थरथरणार. मी डोळे मिटून दुसरा घेईन. पेशंटला सरासरी ब्रॅकेटचा त्रास होत नाही हो, त्याला वीसातलं जे सगळ्यात कच्चं आहे त्याचा होतो. असा कच्चा दुवा मोजायला वायबुल नावाची पद्धत आहे, स्वीडनच्या इंजिनिअरची, मूळची एखादा पदार्थ किती जोराला तुटेल हे काढायची, ती हल्ली या पेपरांमध्येही दिसते आणि माझ्या मते सरासरीच्या तक्त्यापेक्षा तिच्याकडे आधी बघावं.

आता तुटलं कुठे, हा मुद्दा. १९८४ मध्ये ओर्टुन आणि बर्गलँड यांनी एक साधा चार पायऱ्यांचा स्कोअर दिला, ब्रॅकेट निघाल्यावर दातावर गम किती उरला ते बघायचं. शून्य म्हणजे काहीच नाही, १ म्हणजे निम्म्याहून कमी, २ म्हणजे निम्म्याहून जास्त, आणि ३ म्हणजे सगळाच्या सगळा, वर जाळीचा ठसासुद्धा. ऐकून वाटेल की शून्य बेस्ट, दात स्वच्छ, घासायची कटकट नाही. उलट आहे. शून्य म्हणजे तुटणं दाताच्या अगदी पृष्ठभागावर झालं, इनॅमलला धोका तिथेच सगळ्यात जास्त. ३ म्हणजे जाळीपाशी सुटलं, गमचा थर दातावर तसाच राहिला आणि इनॅमलला धक्काच लागला नाही. मला ट्रीटमेंटच्या शेवटी ३ दिसला की बरं वाटतं, मग टंगस्टन कार्बाइडचा बर, म्हणजे ड्रिलचं टोक, घेऊन तो गम हळूहळू उतरवायचा, शेवटी रबर कप आणि प्युमिसने पॉलिश. वेळ जातो, पेशंट कंटाळतो, मोबाइल काढतो, पण दात शाबूत.

हेच ट्रीटमेंट चालू असताना सुटलेल्या ब्रॅकेटला लावलं की कारण बरंच कळतं. म्हणून मी सगळ्यांना सांगते, सुटलेलं ब्रॅकेट फेकू नका, डबीत घालून आणा. तार बांधलेली असली तर ते तारेवरच लटकत असतं. मी ते भिंगाखाली धरून पाठ बघते. पाठीला गम भरलेला आणि दात स्वच्छ कोरा असेल तर गडबड दातापाशी झालीय, बहुतेक लावताना ओल आली होती किंवा एचिंग पुरेसं झालं नव्हतं, यात पोराची चूक शोधण्यात अर्थ नाही. जाळी चकचकीत रिकामी आणि दातावर गमचा ठोकळा तसाच असेल तर ब्रॅकेट नीट दाबलं गेलं नसेल किंवा त्याच्याखाली लाइट पोचला नसेल. आणि गम मध्येच फाटलाय, थोडा इकडे थोडा तिकडे, तर मग मी विचारते, काय खाल्लंस? थोडी शांतता, मग आईच सांगते, "चिक्की."

ओल हा आमचा खरा शत्रू. एचिंग करून तयार केलेल्या दातावर लाळेचा नुसता थर आला तरी ती छिद्रं बुजतात, मग प्रायमर जाणार कुठे. खालच्या मागच्या छोट्या दाढांची ब्रॅकेटं जास्त सुटतात ती याचमुळे, तिथे लाळ साचते, गाल आत येतो, वरून चावण्याचा मारही तिथेच. यात आपल्याकडच्या हवेची वेगळी भर. कॉम्प्रेसर हवा ओढतो, दाबतो, हवेतली वाफ टाकीत पाणी होऊन साठते, आणि ती टाकी रोज रिकामी केली नाही तर दात सुकवायला मारलेल्या हवेबरोबर बारीक तुषार दातावर, कधीकधी तेलाचा अंशही. जूनमध्ये पाऊस सुरू झाला की आमच्या कॉम्प्रेसरच्या तळाची तोटी उघडली तर बऱ्यापैकी पाणी निघतं. मी हवा आधी आरशावर मारून बघते, आरशावर ठिपके दिसले तर बाँडिंग थांबवायचं. गमची ट्यूब फ्रिजमधून काढल्या काढल्या उघडायची नाही हेही त्याचसाठी.

ओल सांभाळणारे गमही आहेत. रेझिन मिसळलेलं ग्लास आयोनोमर नावाचं सिमेंट ओलसर दातावर चालतं, वर फ्लोराइड सोडतं, म्हणजे ब्रश न करणाऱ्या पोरांच्या ब्रॅकेटभोवती जे पांढरे डाग पडतात त्याला जरा आळा, पण पकड आमच्या नेहमीच्या रेझिनच्या गमपेक्षा, म्हणजे कॉम्पोझिटपेक्षा, कमी. एचिंग आणि प्रायमर एकातच असलेलं द्रावणही मिळतं, धुवायची पायरी वाचते, पकड थोडी कमी भरते पण व्यवहारात फार फरक पडत नाही.

काही दात मात्र हट्टीच. चंद्रपूर-यवतमाळकडची नोकरीसाठी ऐरोली-घणसोलीत आलेली माणसं येतात, लहानपणी बोअरचं फ्लोराइडवालं पाणी प्यायलेली, दातांवर पिवळे-तपकिरी पट्टे. त्या इनॅमलला ॲसिड सहज लागत नाही, जास्त वेळ ठेवावं लागतं, कधी वरचा थर हलका खरवडून मग एचिंग. दात नुकतेच ब्लीच केले असतील तर एक-दोन आठवडे थांबावं, ब्लीचमधला ऑक्सिजन इनॅमलमध्ये उरलेला असतो आणि तो रेझिनला कडक होऊ देत नाही. लग्न ठरलंय म्हणून आधी ब्लीच आणि लगेच ब्रेसेस, असा क्रम धरून येतात लोक, तो क्रमच मुळात उलटा आहे ते सोडा. कॅप बसवलेल्या दातावर फॉस्फोरिक ॲसिडचा उपयोग नाही, पोर्सिलेनला हायड्रोफ्लोरिक ॲसिड आणि सायलेन लागतं, ते ॲसिड हिरडीला लागलं तर भाजतं म्हणून नीट झाकून करायचं. झिर्कोनियावर तेही चालत नाही, तिथे सँडब्लास्ट करून वेगळा प्रायमर.

लाइटबद्दल एकच. धातूतून उजेड जात नाही, म्हणून ब्रॅकेटच्या दोन्ही बाजूंनी मारावा लागतो, ब्रॅकेटला जवळजवळ टेकवून, दूर धरला की जोर घटतो. लाइट मारल्यावर गम लगेच कडक लागतो पण आतली प्रक्रिया पुढे एक दिवस चालू राहते आणि पकड वाढत जाते. म्हणून पहिली तार अगदी बारीक, लवचीक घालतो आणि पहिल्या दिवशी मऊ भात-वरण सांगतो. पेशंटला वाटतं दात दुखेल म्हणून, तेही आहेच, पण निम्मं कारण गमचं आहे.

आणि सुटण्याचा सीझन असतो. संक्रांतीनंतर तिळाच्या वड्या, दिवाळीत कडबोळी, पावसाळ्यात येऊरला जाऊन दातांनी सोलून खाल्लेलं कणीस. कणीस खा ना, दाणे काढून खा. बर्फ चावणं सगळ्यात वाईट, आणि पेनाचं टोपण. ज्यांचे वरचे दात खालच्यांवर खूप उतरतात त्यांची खालची ब्रॅकेटं काही न खाताही सुटतात, वरचा दात आपटतो म्हणून, अशांच्या दाढेवर आम्ही थोडा निळा गम चढवून चावा तात्पुरता उघडा ठेवतो.

फेविक्विकचं राहिलंच. हो, लोक घरी लावून येतात. त्या जातीचा गोंद, सायनोॲक्रिलेट, ऑर्थोसाठी खास बनवूनही वापरून झालाय, तोंडातल्या ओलाव्यात दीर्घकाळ तग धरत नाही. घरी लावलेलं ब्रॅकेट तर दोन-चार दिवसात निघतंच, पण तोवर ते वाकड्या जागी बसून दात भलतीकडे ढकलतं आणि जाळी त्या गोंदाने भरून जाते, मग ब्रॅकेट वाया. टोचत असेल तर त्यावर मेण लावा, क्लिनिकला फोन करा, दोन दिवस तसंच राहिलं म्हणून आभाळ कोसळत नाही. ब्रॅकेट वाकलं नसेल तर जाळी सँडब्लास्ट करून तेच परत बसवता येतं, हरवलं असेल तर नवीन लागतं, आणि नवीन ब्रॅकेटचे पैसे बहुतेक ठिकाणी वेगळे घेतात.